पावसाळी वाहिन्यांची पाहणी आणि देखभाल: नगरपरिषदेच्या अभियंत्यासाठी आणि मुकादमासाठी

एप्रिल उजाडला की नालेसफाईच्या निविदा निघतात, मे संपता संपता गाळाच्या ढिगांचे फोटो छापून येतात आणि जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीला त्याच चौकात गुडघाभर पाणी. उघडे नाले येता-जाता दिसतात, म्हणून त्यांची सफाई होते. रस्त्याखालची ३०० ते १२०० मिमी व्यासाची पाइपलाइन कुणाच्या नजरेला पडत नाही, म्हणून ती राहते. आणि पाणी बहुतेक वेळा तिथेच अडलेलं असतं.

पाहणी आधी आणि सफाई नंतर, हा क्रम पाळला तर अर्धं काम मार्गी लागतं. पाहणीचे दिवस नोव्हेंबर ते जानेवारी. पाऊस थांबलेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत वाहिनीतून पाणी वाहत असेल तर तीच एक तक्रार समजायची. शिवाय फुटका पाइप सापडलाच, तर निविदा काढून, खोदून, बदलून रस्ता पूर्ववत करायला पावसाळ्यापर्यंत हातात महिने असतात. हीच पाहणी मेमध्ये केली तर दोष कळतात, पण दुरुस्तीला वेळ उरत नाही.

चेंबरला क्रमांक, वाहिनीला नाव

बऱ्याच नगरपरिषदांकडे पावसाळी वाहिन्यांचा नकाशा नसतो, किंवा असतो तो मूळ कामाच्या अंदाजपत्रकाला जोडलेला आणि जागेवर न जुळणारा. नवा नकाशा करायला मोठी सल्लागार संस्था लागत नाही. जिथे वाहिनी नदीला किंवा नाल्याला मिळते, तिथून सुरुवात करा. त्या तोंडाला एक अक्षर द्या आणि तिथून वरच्या बाजूला चालत प्रत्येक चेंबरला क्रमांक द्या: क-१, क-२, क-३. बाजूची फांदी आली की क-३/१. मोबाइलवर जागेची नोंद घ्या आणि चौकटीवर ऑइलपेंटने क्रमांक लिहा. छोट्या व्यासाच्या वाहिन्यांवर चेंबरं साधारण तीस मीटरला असतात. क-७ नंतर साठ मीटर काहीच दिसलं नाही, तर मधलं एक चेंबर डांबराखाली गेलंय असं समजा. बिडाची चौकट किंवा पोलादी तंतूंच्या काँक्रीटचं झाकण असेल तर साध्या मेटल डिटेक्टरने ते सापडतं. सापडलं की चौकट रस्त्याच्या पातळीला उचलून घ्यायची. रस्त्याचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या करारातच 'चेंबर पातळीला आणणे' ही बाब घातली, तर हा शोध दर पाच वर्षांनी करावा लागत नाही.

झाकण बदलताना त्याचा भारवर्ग बघा. आयएस १२५९२ या भारतीय मानकाप्रमाणे एचडी-२० म्हणजे वीस टनांचं, ईएचडी-३५ म्हणजे पस्तीस टनांचं. ट्रक आणि बस जातात त्या रस्त्यावर एमडी-१० बसवलं की ते तडकणारच, आणि तडकलेलं झाकण म्हणजे कुणाचा तरी जीव.

झाकण उघडण्याआधी

कागदावर वाहिनी पावसाळी असली तरी आत सांडपाणी शिरलेलं असू शकतं, हे गृहीत धरूनच उभं राहायचं. सडणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, ही समजूत जीवघेणी आहे.

चार वायू मोजणारा डिटेक्टर प्रत्येक पथकाकडे हवाच. झाकण पूर्ण सरकवण्याआधी त्याच्या भोकातून किंवा फटीतून नळी सोडून पहिलं वाचन घ्या. मग वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर, कारण मिथेन हलका, हायड्रोजन सल्फाइड जड. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली आणि कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमखाली हवा. वरचं आणि खालचं चेंबर उघडून किमान तासभर हवा खेळू द्या, तोवर कठडे आणि शंकू लावून रहदारी वळवा. विडी-सिगारेट जवळपास नको.

माणूस आत उतरवायचा नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाकडून धोकादायक सफाई करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. पैशाने माणूस परत येत नाही. अशा अपघातांत पहिला बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. पथकातल्या प्रत्येकाला हे पाठ हवं की कुणी पडलं तर उतरायचं नाही, ब्लोअर (आत हवा सोडणारा पंखा) चालू करायचा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. खाली जी पाहणी सांगितली आहे ती सगळी रस्त्यावर उभं राहून होते.

गाळ मोजायची पद्धत

'गाळ आहे', 'थोडा आहे', 'भरलंय' अशा नोंदींवरून काहीच ठरवता येत नाही. एक दोन-अडीच मीटरची, सेंटिमीटरच्या खुणा केलेली सळई घ्या आणि चौकटीच्या एकाच ठरावीक बिंदूपासून तीन मापं घ्या.

पहिलं माप पाइपच्या आतल्या माथ्यापर्यंत. दुसरं गाळाच्या वरच्या थरापर्यंत. इथे सळईच्या टोकाला पत्र्याची चकती लावा, नाहीतर ती गाळात रुतते. तिसरं, चकती काढून, सळई जोर लावून दाबल्यावर जिथे अडते तिथपर्यंत.

समजा पाइप ६०० मिमीचा आहे. माथा १.१० मीटरवर, म्हणजे पाइपचा तळ १.७० मीटरवर असायला हवा. गाळाचा थर १.५५ मीटरवर लागला, तर गाळ १५ सेंटिमीटर, म्हणजे व्यासाच्या चौथाई. आणि सळई १.६२ मीटरवरच अडली, तर वरचे ७ सेंटिमीटर मऊ आणि खालचे ८ सेंटिमीटर घट्ट बसलेले. हा घट्ट थर म्हणजे बहुतेक वेळा बांधकामाच्या जागेवरून वाहून आलेलं सिमेंटचं पाणी. तो साध्या जेटिंगने, म्हणजे नळीतून जोरदार दाबाचं पाणी मारून, निघत नाही, त्यासाठी नळीच्या टोकाला वेगळं नोझल लागतं. हे आधी कळलं तर निविदेत तशी बाब धरता येते. नाही कळलं तर ठेकेदार मऊ गाळ काढून बिल लावतो आणि घट्ट थर तसाच राहतो. चेंबरचा तळ पाइपच्या तळापेक्षा मुद्दाम खोल ठेवलेला असेल, तर सळई पाइपच्या तोंडापाशीच टेका, खड्ड्यात नको.

चौथाई गाळ ऐकायला किरकोळ वाटतो. ६०० मिमीचा काँक्रीट पाइप ३०० मध्ये १ या उतारावर पूर्ण भरून वाहिला, तर सेकंदाला साधारण ३५० लिटर पाणी नेतो. शहरी वस्तीत तासाला ५० मिमी पाऊस पडला आणि त्यातलं ८० टक्के पाणी वाहून आलं, तर एका हेक्टरमधून सेकंदाला १११ लिटर येतं. म्हणजे साफ पाइपला तीन हेक्टर पेलतात. चौथाई गाळाने क्षेत्रफळ वीस टक्के घटतं, पण उरलेल्या पाण्याला कडांचं घर्षण जास्त सोसावं लागतं, त्यामुळे वहनक्षमता पाव भागाहून अधिक जाते आणि सव्वादोन हेक्टरच्या पुढचं पाणी रस्त्यावर येतं. म्हणून आमच्या मते चौथाईची खूण हीच सफाईची मर्यादा: त्याच्या आत असेल तर नोंद करून सोडा, त्याच्या पुढे असेल तर यादीत घ्या. सरसकट सगळ्या वाहिन्या दरवर्षी धुण्यात पैसे जातात आणि खरोखर भरलेल्या वाहिन्यांना वेळ पुरत नाही.

दोन चेंबरांच्या मधलं पाहायला आरसा पुरतो. एका चेंबरमध्ये काठीला बांधलेला आरसा ४५ अंशांत पाइपच्या तोंडासमोर धरा, दुसऱ्यातून जोरदार टॉर्च सोडा. पूर्ण वर्तुळ दिसलं तर पाइप सरळ आणि मोकळा. खालचा भाग कापलेला दिसला तर गाळ. वरचा भाग कापलेला दिसला तर पाइप मध्ये खचलाय किंवा माथा फुटून खाली आलाय. उजेडच आला नाही, तर तो टप्पा कॅमेऱ्याच्या यादीत.

आता गाळ हातमोजे घालून, घमेल्यात घेऊन नीट बघा. रस्त्याखाली काय बिघडलंय ते गाळ बरंच सांगतो. काळा, चिकट, वास मारणारा म्हणजे सांडपाण्याचं कनेक्शन. करडा, धुतल्यावर कचकची वाळू हाताला लागणारा म्हणजे वरच्या बाजूला बांधकाम. पाला आणि प्लॅस्टिक म्हणजे जाळ्या तुटल्यात किंवा नाहीतच. आणि तांबूस मुरूम, त्यात खडीचे तुकडे, तोही फक्त दोन-तीन चेंबरांत, म्हणजे सांधा उघडलाय आणि रस्त्याखालचा भराव पाइपमधून वाहून चाललाय. या चौथ्या खुणेकडे दुर्लक्ष करू नका. रस्ता एकाच जागी पुन्हा पुन्हा खचत असेल आणि दर वेळी वरून खडी-डांबर टाकून बुजवला जात असेल, तर जवळच्या चेंबरात हा मुरूम हमखास सापडतो. खड्डा वरून बुजवून उपयोग नाही, भराव खालून जातोय.

जानेवारीत वाहणारं पाणी

पाऊस नसताना वाहिनीत पाणी असेल तर ते सांडपाणी, फुटलेल्या जलवाहिनीचं पाणी किंवा भूजल. स्वच्छ दिसत असेल तर पाणीपुरवठ्याकडे असतो तो क्लोरोस्कोप मागवून घ्या. नळीत पाणी भरून ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर पिण्याचं पाणी गळतंय. रंग आला नाही म्हणून गळती नाहीच असं ठरत नाही, कारण घाणीत मिसळल्यावर क्लोरीन लवकर संपतं.

सांडपाण्याचा संशय असेल तर एकेका इमारतीच्या शौचालयात फ्लुरोसिनचा हिरवा रंग टाकून बादलीभर पाणी ओता आणि खालच्या चेंबरवर माणूस उभा करा. पोटॅशियम परमँगनेट स्वस्त पडतं, पण सांडपाण्यात त्याचा जांभळा रंग लवकर विरून तपकिरी होतो, त्यामुळे अंतर जास्त असेल तर फसगत होते. सापडलेलं कनेक्शन नुसतं बुजवू नका. ते मलवाहिनीला जोडून मगच बंद करा, नाहीतर आठ दिवसांत पलीकडून नवं भोक पडतं. सांडपाणी वर्षानुवर्षं वाहिलं की पाइपचा माथा आतून झिजतो. हायड्रोजन सल्फाइडपासून तिथल्या ओलाव्यात गंधकाम्ल तयार होतं आणि काँक्रीट खाल्लं जाऊन सळया उघड्या पडतात.

कॅमेरा

चाकांवर चालणारा सीसीटीव्ही कॅमेरा भाड्याने मिळतो. सगळ्या शहराचं चित्रीकरण करायची गरज नाही. उजेड न आलेले, मुरूम सापडलेले, रस्ता खचलेले आणि मुख्य रस्त्याखालचे टप्पे घ्या. कॅमेरा घालण्याआधी टप्पा धुऊन घ्या आणि पाणी व्यासाच्या चौथाईखाली आणा, नाहीतर तळाच्या भेगा दिसत नाहीत. वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत. प्रत्येक सांध्यापाशी थांबून कॅमेरा गोल फिरवायचा. पडद्यावर दोन्ही चेंबरांचे क्रमांक, दिशा, व्यास, तारीख आणि अंतर दिसलं पाहिजे.

चित्रफीत स्वीकारताना एक साधी तपासणी करा. कारखान्यातला आरसीसी पाइप साधारण अडीच मीटर लांबीचा असतो, म्हणून सांधा दर अडीच मीटरला यायला हवा. आकडा दोनवर किंवा तीनवर येत असेल तर अंतरमापक चुकतोय, आणि त्या आकड्यावर रस्ता खोदला तर खड्डा भलत्याच जागी पडेल.

दोषाची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहा. १२, ३, ६ आणि ९ या चारही जागी लांब भेगा असतील, तर पाइपला वरचा भार पेलवत नाही. तो पहिल्या यादीत. सांधा सरकून मागची माती दिसत असेल, माथा फुटला असेल, दुसऱ्या विभागाची केबल किंवा नळ आरपार गेला असेल, तर तेही याच पावसाळ्याआधी. आरपार गेलेल्या नळाला पहिल्याच पुरात प्लॅस्टिक अडकतं आणि तिथे बांध तयार होतो. बारीक भेग, थोडी पाझर, केसासारखी मुळं हे पुढच्या वर्षी पुन्हा बघायच्या यादीत. वड, पिंपळ, उंबर जवळ असेल तर मुळं परत येणारच. कापणाऱ्या नोझलने ती निघतात, पण सांधा बंद केल्याशिवाय तो दरवर्षीचा खर्च आहे.

एखाद-दुसरा पाइप फुटला असेल तर खोदून बदलणंच स्वस्त. जड रहदारीखाली एनपी-४ वर्गाचा, रबर रिंगच्या सांध्याचा पाइप टाका. खाली नीट दाबलेला थर द्या आणि दोन्ही कुशींत भराव थराथराने कुटून भरा. जुन्या एनपी-२ पाइपांचे सिमेंटने भरलेले कॉलर सांधे रहदारीच्या हादऱ्यांनी उघडतात, तिथे पुन्हा तसाच सांधा नको.

जेटिंग

खालून वर जायचं. आधी वाहिनीचं तोंड मोकळं करा, मग तोंडाजवळचा टप्पा, मग त्याच्या वरचा. वरून सुरुवात केली की सुटलेला गाळ खालच्या भरलेल्या पाइपात जाऊन बसतो.

प्रत्येक टप्प्यात जेटिंगची नळी खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने सोडायची. नोझल मागे फेकणाऱ्या पाण्याच्या जोरावर पुढे सरकतं आणि ओढून घेताना गाळ सोबत आणतं. खालच्या चेंबरच्या पुढच्या तोंडावर वाळूच्या गोण्या लावा, म्हणजे गाळ पुढे पळत नाही आणि गाळ ओढून घेणारा सक्शनचा पाइप तिथेच काम करतो. एका दमात तीस मीटर जाऊ नका, नाहीतर मागे गाळ साचून नळी अडकते. पाच-सात मीटर पुढे, पूर्ण मागे, पुन्हा पुढे. परत येणारं पाणी बऱ्यापैकी निवळ होईपर्यंत फेऱ्या करा. जुन्या विटांच्या कमानी असतील तर दाब बराच कमी ठेवा, नाहीतर विटांमधले सांधे धुऊन निघतात आणि विटा सुटतात.

दोन गोष्टींत हयगय नको. नोझल आणि त्यामागचा ताठ तुकडा मिळून लांबी पाइपच्या व्यासापेक्षा जास्त हवी, कमी असेल तर नोझल आतच उलटं फिरून काम करणाऱ्यावर येतं. आणि नोझलच्या अलीकडे पाच मीटरवर नळीला ठळक रंगाची पट्टी गुंडाळा. ओढताना पट्टी दिसली की दाब कमी करायचा. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो, म्हणून डिटेक्टर शेवटपर्यंत चालू ठेवा. पिण्याचं पाणी या कामाला वापरू नका, मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी चालतं. ९०० मिमीच्या पुढच्या आणि घट्ट भरलेल्या वाहिन्यांना जेटिंगपेक्षा दोन चेंबरांवर दोन विंच लावून ओढायचं बकेट मशिन बरं.

गाळाचा हिशेब

मापं आधी घेतलेली असतील तर बिल तपासायला कुणाच्या शब्दावर जावं लागत नाही. ६०० मिमीच्या पाइपात चौथाई गाळ असेल तर तीस मीटरच्या टप्प्यातून साधारण १.७ घनमीटर निघतो, अर्धा भरला असेल तर ४.२ घनमीटर. ९०० मिमीच्या पाइपात चौथाई म्हणजे ३.७ घनमीटर. दहा चेंबरांच्या वाहिनीचा अपेक्षित गाळ आधीच एमबीच्या, म्हणजे मोजमाप पुस्तिकेच्या, कोऱ्या बाजूला लिहून ठेवा. बिलातला आकडा त्याच्या दुप्पट असेल तर त्यात पाणी किंवा राडारोडा धरलाय, निम्मा असेल तर टप्पे सोडलेत. दोन्ही वेळी सळई घेऊन पुन्हा जा. गाळ निथळल्यावरच वजनकाट्यावर न्या. चेंबरशेजारी ढीग करून ठेवायची पद्धत बंदच करा, वळवाच्या एका सरीत तो जाळीतून परत आत जातो. सांडपाणी मिसळलेला गाळ शेतात टाकू नका.

तोंड आणि पावसाळ्याचे दिवस

नदीकाठी तोंडासमोर बेशरम आणि जलपर्णी माजते, राडारोडा टाकला जातो. ते मेच्या शेवटी पुन्हा बघा. पुराचं पाणी उलटं शिरू नये म्हणून झडप असेल तर ती हाताने उचलून बघा, बिजागऱ्यांना ग्रीस द्या, फटीत अडकलेली काठी काढा. किनाऱ्यावरच्या शहरांत भरतीचं वेळापत्रक नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर हवं. मुंबईत ब्रिटिशकालीन वाहिन्या तासाला २५ मिमी पावसासाठी होत्या. पुढे ५० मिमीचं माप धरून पंपिंग स्टेशनं उभारावी लागली, कारण भरतीच्या वेळी अनेक तोंडं पाण्याखाली जातात आणि कितीही साफ पाइप असला तरी पाणी बाहेर पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. अशा दिवसासाठी पाइप पुरत नाही, तिथे लोकांना वेळेवर हलवणं हेच काम.

पाऊस सुरू असताना पथकाने जाळ्यांवरचा पाला आणि पिशव्या दाताळ्याने ओढत राहायच्या. पाणी लवकर जावं म्हणून झाकण उघडायचं नाही, आणि नागरिकांनाही उघडू द्यायचं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत तुंबलेल्या पाण्यात न दिसलेल्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका ज्येष्ठ डॉक्टरांचा जीव गेला. सखल भागातल्या प्रत्येक झाकणाखाली लोखंडी जाळी बसवा, झाकण वाहून गेलं किंवा चोरीला गेलं तरी माणूस अडतो.

पाणी तुंबलं की जागा, सुरू झाल्याची वेळ, किती सेंटिमीटर, किती वेळात ओसरलं आणि त्या तासाचा पर्जन्यमापकाचा आकडा एवढं लिहा. कमी पावसात तुंबलेली जागा नोव्हेंबरच्या यादीत सर्वात वर घ्या. जिथे फक्त अतिवृष्टीत तुंबतं, तिथे सफाईवर पैसे न घालता व्यास वाढवायचा प्रस्ताव तयार करा.